लिंबावरच्या अळ्या, शेवग्यावरचे सुरवंट: परभणीतल्या एका परसबागेचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण परभणी शहराच्या कडेला वाढलेल्या एका वसाहतीतलं आहे. कुटुंबाची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. झाडं, किडे आणि घटनांचा क्रम मात्र घडला तसाच ठेवला आहे.

घरात सहा माणसं. आजोबा, त्यांना सगळे अण्णा म्हणतात. आजी म्हणजे माई. मुलगा, जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिकवणारी सून, सातवीतली नात आणि पाच वर्षांचा नातू. अण्णांची शेती गावाकडं आहे, कापूस आणि सोयाबीनची. खुरपणी-फवारणीच्या दिवसांत ते अर्धा आठवडा गावी, अर्धा परभणीत असतात.

घराच्या मागं काळ्या मातीचा मोकळा पट्टा आहे. तिथं फळाला आलेलं एक लिंबाचं झाड, न्हाणीच्या पाण्यावर वाढलेला कढीपत्ता आणि कोपऱ्यात शेवगा. फाटकाशी तगर. गच्चीच्या जिन्याजवळ कुंडीत कागदी लिंबाचं रोप, गुडघ्याएवढं. कंपाउंडच्या भिंतीबाहेर रुई आपली आपण उगवलेली. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, त्यामुळे भांड्यांचं आणि अंघोळीचं पाणी घालून ही झाडं जगवली आहेत. बाहेरच्या माणसाला चारदोन झाडं दिसतात. माईंना त्यातल्या प्रत्येकामागं वाहिलेल्या बादल्या दिसतात. पुढचे वाद समजून घ्यायला हे ध्यानात ठेवावं लागतं.

माझा संबंध असा, की मी काही वर्षं पिकांवरच्या कीड-सर्वेक्षणाचं काम केलं आहे. २००८ च्या खरिपात सोयाबीनवर पानं खाणाऱ्या अळ्यांनी धुमाकूळ घातला आणि त्यानंतर २००९-१० पासून राज्यात क्रॉपसॅप हा कीड-सर्वेक्षण प्रकल्प सुरू झाला. ठरलेल्या शेतात जायचं, ठरलेली झाडं तपासायची, किडी मोजायच्या आणि आकडे वर पाठवायचे, असं ते काम. सूनबाईंची ओळख शाळेच्या एका शिवारफेरीत झाली होती. त्यांनी फोन केला तेव्हा त्यांना एकच वाक्य हवं होतं: कोणतं औषध मारू?

प्रश्न काय होता

आषाढातल्या एका आठवड्यात तीन निरनिराळ्या गोष्टी घडल्या आणि घरात त्यांची मिळून एकच गोष्ट झाली.

पहिली लिंबाची आणि कढीपत्त्याची. मृगाचा पाऊस बरा झाला, लिंबाला लालसर कोवळी नवती फुटली आणि आठ-दहा दिवसांत शेंडे खाल्लेले दिसू लागले. कढीपत्त्याच्या काही फांद्यांवर नुसते देठ उरले. दुसरी गोष्ट शेवग्याची. नातू खेळता खेळता शेवग्याच्या खोडाला टेकला आणि रडत आला. दंडावर पुरळ, आग, खाज. माईंनी खोबरेल तेल लावून जोरात चोळलं, त्यानं आग वाढली.

तिसरी गोष्ट भीतीची. दुसऱ्या दिवशी माईंनी लिंबावरची एक जाड हिरवी अळी काडीनं हलवली. अळीनं डोक्यामागून केशरी रंगाची दोन शिंगं बाहेर काढली आणि उग्र वास सुटला. माई ओरडल्या, “अगं घोणस अळी हाय ही! हिनंच पोराला डसलं.” २०२२ च्या सप्टेंबरमध्ये बीड जिल्ह्यात घोणस अळीची मोठी घबराट पसरली होती. ती जीवघेणी आहे, अशा अफवा आणि व्हिडिओ गावोगाव फिरले होते. तोच एक व्हिडिओ माईंच्या मोबाइलमध्ये अजून होता.

त्याच दिवशी अण्णा गावाहून आले ते सोयाबीनवर मारून उरलेलं औषध घेऊन. पाण्याच्या रिकाम्या प्लॅस्टिक बाटलीत ओतलेलं. बाटलीवर नाव नाही, विषारीपणा दाखवणारा रंगीत त्रिकोण नाही, काही नाही. इकडं नातीनं शाळेच्या विज्ञान प्रकल्पासाठी लिंबावरच्या अळ्यांची वही सुरू केली होती आणि ती झाडाजवळ कुणाला येऊ देत नव्हती. अण्णांचं म्हणणं सरळ होतं: “अळ्या समदं झाड खायल्यात अन् तुम्ही फोटो काढायलात?”

म्हणजे घरात प्रश्न असा मांडला गेला होता: फवारायचं की पोरीचा हट्ट पुरवायचा? असा मांडला की त्याला चांगलं उत्तर नसतंच. पोराला चावलं कुणी, लिंबू खातंय कोण आणि औषध कशावर चालतं, हे तीन वेगळे प्रश्न होते.

आधी ओळख

सूनबाईंनी पाठवलेला पहिला फोटो वरून काढलेला होता. पानावर हिरवा ठिपका दिसत होता, एवढंच. मी दुसरे मागवले: अळीचा बाजूनं, अख्ख्या फांदीचा आणि खाली पडलेल्या लेंड्यांचा. शिवाय प्रत्येक फोटोबरोबर झाडाचं नाव. अळी ओळखताना रंगापेक्षा ती कोणत्या झाडावर आहे, हे जास्त उपयोगी पडतं. बऱ्याच फुलपाखरांच्या अळ्या ठरावीक कुळातल्या झाडांपलीकडं काही खात नाहीत. लिंबू, कढीपत्ता आणि बेल ही तिन्ही एकाच कुळातली, म्हणून एकच पाहुणा या झाडांवरून त्या झाडांवर दिसतो.

लिंबावरची अळी लिंबू फुलपाखराची निघाली. मादी कोवळ्या पानांवर पिवळसर गोल अंडी एकेक करून घालते. अळी लहान असताना काळपट-पांढरी, पक्ष्याची विष्ठा पडल्यागत दिसते, त्यामुळे नजर तिच्यावरून सहज निसटते. चार वेळा कात टाकल्यावर ती एकदम हिरवी, गुबगुबीत होते आणि तेव्हा माणसांच्या नजरेत भरते. केशरी शिंगं म्हणजे डोक्यामागं दडवलेली मऊ ग्रंथी. मुंग्या आणि शत्रूंना वासानं हटवायला ती बाहेर येते. ती टोचत नाही.

घोणस अळी निराळी. बसकी, गोगलगायीसारखी सरपटणारी, अंगभर काटेरी झुपके असलेली. त्या काट्यांच्या स्पर्शानं जबर आग होते, पण अंगावर धावून येऊन चावणारी ती नव्हे. माईंना दोन्हींचे फोटो शेजारी शेजारी ठेवून दाखवले, तेव्हा त्यांचा आवाज खाली आला. पटलं असं नाही म्हणता येणार.

पोराचा दंड सुजवणारे निघाले शेवग्यावरचे केसाळ सुरवंट. हे दिवसा खोडावर एकमेकांना चिकटून थव्यानं बसतात आणि रात्री वर चढून पाला खातात. सालीच्या रंगात असे मिसळून जातात की हात लागेपर्यंत कळत नाही.

समोरचे पर्याय

अण्णांचा पर्याय सर्वांत सोपा होता: बाटलीतलं औषध सगळीकडं मारून टाकायचं. संध्याकाळपर्यंत अळ्या खाली पडल्या असत्या हे खरं. पण कढीपत्त्याची पानं या घरात रोज सकाळी फोडणीत जातात. सोयाबीनसाठी शिफारस असलेलं औषध कढीपत्त्यावर किती दिवस राहतं आणि कधी तोडावं, याचा उल्लेख त्या मूळ डब्यावरही नसणार. ते त्या पिकासाठी नाहीच. बाटलीला लेबल नसल्यानं विषारीपणाचा त्रिकोण लाल, पिवळा, निळा की हिरवा, तेही कळायला मार्ग नव्हता. आणि घरात पाच वर्षांचं पोर. पाण्याच्या बाटलीत औषध ठेवणं ही या संपूर्ण प्रकरणातली सर्वांत धोक्याची गोष्ट होती, अळ्यांपेक्षा कितीतरी जास्त. त्याकडं मात्र घरात कुणाचंच लक्ष नव्हतं.

सूनबाईंना निंबोळी अर्क बरा वाटत होता. पाच टक्क्यांचा अर्क घरी होतो: लिटरभर पाण्याला पन्नास ग्रॅम निंबोळीची भरड, रात्रभर भिजवून, गाळून, चिमूटभर साबण घालून संध्याकाळी फवारायचं. हा पर्याय वाईट नाही, पण ‘घरगुती म्हणजे निरुपद्रवी’ असं समजून तो निवडला जातो, ते मला खटकतं. अर्कानं अळीची भूक मरते, कात टाकणं बिघडतं. अळी फुलपाखराची आहे म्हणून तो तिला सोडत नाही. शिवाय तो लहान अळ्यांवर चालतो. वाढलेल्या हिरव्या अळीवर आणि केसाळ सुरवंटांवर फारसा नाही. इथं तर बहुतेक अळ्या मोठ्या होऊनच दिसल्या होत्या.

नातीचं म्हणणं, कशालाच हात लावायचा नाही. तिच्या वर्गाच्या पुस्तकात नीलवंताचं चित्र होतं, ते २०१५ पासून महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू आहे. त्याचीही अळी लिंबाच्या कुळावर वाढते आणि दिसायला जवळपास अशीच असते. आपल्या लिंबावरून नीलवंत उडेल, असं तिनं धरलं होतं. नीलवंत मुख्यतः सह्याद्रीतला आणि जास्त पावसाच्या जंगलांतला. परभणीच्या कोरड्या हवेत त्याच्यावर भिस्त ठेवता येत नाही, हे तिला आधीच सांगितलं. एक दिवस ती रुसली.

हातानं अळ्या वेचून साबणाच्या पाण्यात टाकणं हा चौथा पर्याय, जो सगळ्यांना माहीत होता आणि कुणालाच नको होता.

निर्णय कसा झाला

खरी अडचण अण्णांना थांबवायची होती, आणि फुलपाखरं किती सुंदर असतात हे सांगून ती सुटणारी नव्हती. चाळीस वर्षं अळ्यांनी त्यांचं पीक खाल्लं आहे. २०१७ ला गुलाबी बोंडअळीनं कापसाची बोंडं पोखरली, ती झळ त्यांच्या घरानंही सोसली होती.

पण त्याच बोंडअळीनं त्यांना एक सवय लावली होती. आता ते कापसात कामगंध सापळे लावतात, म्हणजे मादीच्या गंधानं नर पतंगांना ओढून घेणारे सापळे. एका सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ नर पतंग सापडले तर फवारणी, नाहीतर थांबायचं, हा हिशेब त्यांना तोंडपाठ. मी एवढंच विचारलं, “अण्णा, कापसात मोजल्याशिवाय फवारता का आता?”

ते म्हणाले, “कापसाची गोष्ट येगळी. तिथं पैशे जातात औषधाला.”

“मग इथं औषध फुकटचं हाय म्हणून मारायलात का?” माई मधेच म्हणाल्या. हा टोला माझ्या कोणत्याही युक्तिवादापेक्षा जास्त लागला. अण्णांनी एक आठवडा दिला. “पण साहेब, कुंडीतलं लिंबू मी नाही सोडणार अळीच्या तोंडी. कलम आणलंय गावाहून.”

त्यांचं हे म्हणणं रास्त होतं. फळाला आलेल्या लिंबाची चार फांद्या पानं गेली तरी ते पुन्हा फुटतं. गुडघ्याएवढ्या रोपाला तीन-चार मोठ्या अळ्या म्हणजे सगळा पाला. म्हणून बागेसाठी एक नियम न करता झाडागणिक नियम ठरला. मोठ्या लिंबावर अळ्या राहू द्यायच्या, नवतीचे निम्म्याहून जास्त शेंडे खाल्ले गेले तरच वेचायच्या. कढीपत्ता अर्धा घराला, अर्धा अळ्यांना. कुंडीतल्या रोपावर एकही नाही. सापडेल ती पानासकट कापून मोठ्या लिंबावर नेऊन ठेवायची. आणि शेवग्याच्या बाबतीत वाट पाहणं नाही, ते काम त्याच दिवशी.

शेवगा

खोड टेंभ्यानं भाजून काढायची जुनी रीत अण्णांना ठाऊक होती आणि शेतात ती चालतेही. इथं शेवग्यावरून विजेची तार गेलेली, बाजूला शेजाऱ्याची भिंत. तो विचार सोडला. मुलं आत, अण्णांनी पूर्ण बाह्यांचा सदरा, हातमोजे, तोंडाला उपरणं, आणि वाऱ्याकडं पाठ. लांब काठीला फडकं बांधून थवा थेट साबणाच्या पाण्याच्या बादलीत खरवडला. उरलेले दुसऱ्या दिवशी. खोडाभोवतीची माती कुदळीनं खालवर केली, कारण हे सुरवंट कोष करायला मातीत उतरतात आणि कोष उघडे पडले की पक्षी-मुंग्या त्यांचा समाचार घेतात.

पोराच्या दंडाला काय करायला हवं होतं, तेही तेव्हा सांगितलं: चोळायचं नाही. चिकटपट्टी लावून अलगद ओढायची, म्हणजे त्वचेत रुतलेले केस निघतात. मग साबणपाणी, मग बर्फ. डोळ्यात केस गेला, सूज पसरली किंवा श्वास लागला तर वेळ न घालवता दवाखाना. त्याला डॉक्टरांनी ॲलर्जीचं औषध दिलं, दोन दिवसांत उतरलं.

वही

नातीच्या वहीत पहिल्या पानांवर नुसती चित्रं होती. त्यात रकाने आखले: तारीख, झाड, कोणती फांदी (फांदीला रंगीत दोरा बांधून), अळीची लांबी काडेपेटीतल्या काडीशी ताडून, लेंडी केवढी, आणि आजूबाजूला आणखी कोण. हा शेवटचा रकाना तिला निरर्थक वाटत होता. पुढं सगळ्यांत जास्त तोच भरला.

कढीपत्त्यावर दोरा बांधलेल्या फांदीवर सहा लहान अळ्या होत्या. आठवडाभरात दोन उरल्या. कुणी औषध मारलं नव्हतं, कुणी वेचल्या नव्हत्या. एकीला कोळ्यानं गुंडाळलेलं तिनं स्वतः पाहिलं. एक गांधीलमाशी पानापानावरून शोध घेत फिरताना दोनदा दिसली. सकाळी बुलबुल यायचे. बाकीच्यांचा पत्ता लागला नाही.

अण्णांनी ही पानं दोनदा वाचून घेतली. मग म्हणाले, “म्हंजे मी फवारलं असतं तर म्या समजलो असतो माझ्या औषधानं गेल्या.” माझ्या मते या प्रकरणातलं हे सर्वांत मोलाचं वाक्य आहे, आणि ते वहीशिवाय निघालं नसतं.

खिडकीच्या चौकटीवर कुंभारणीनं, म्हणजे मातीची घरटी करणाऱ्या गांधीलमाशीनं, घरटं केलं होतं. ते खरवडायचं माईंच्या मनात होतं. सफाईत त्यातलं एक फुटलं आणि आतून बारीक हिरव्या अळ्या पडल्या, जिवंत पण न हलणाऱ्या. कुंभारीण त्यांना डंख मारून लुळं करते आणि आपल्या पिल्लाची शिदोरी म्हणून भरून ठेवते. चौकटीवरचं दुसरं घरटं तसंच राहिलं.

भिंतीबाहेरच्या रुईवर पिवळा मावा, म्हणजे झाडाचा रस शोषणारे बारीक किडे, होता आणि त्यावर मगरीच्या पिल्लासारखे काळे, खरखरीत किडे फिरत होते. सूनबाईंनी ते आजवर चिरडले होते. ती लेडीबर्ड भुंगेऱ्याची पिल्लं, माव्यावर जगणारी. त्यावर जास्त बोलणं झालं नाही. पुढं कुणी ती चिरडली नाहीत एवढंच.

बरणीचा निर्णय

नातीला सगळे टप्पे डोळ्यांसमोर हवे होते. लिंबावरची अळी झाडावरच पाहायची, असं आमचं ठरलं. पण श्रावणात तगरीवर एक प्रचंड अळी सापडली: करंगळीहून जाड, पोपटी, छातीपाशी निळे डोळ्यासारखे दोन ठिपके. कण्हेर-तगरीवर वाढणाऱ्या मोठ्या रात्रपतंगाची ही अळी. तिनं ती लोणच्याच्या काचेच्या बरणीत ठेवली, तोंडाला मलमलचं फडकं.

रोज ताजी पानं, रोज लेंड्या काढणं, हे तिनं नीट केलं. फांदी पाण्याच्या शिशीत ठेवून शिशीचं तोंड कापसानं बंद केलं, म्हणजे अळी पाण्यात पडून बुडत नाही. एके दिवशी अळी तपकिरी पडली, खाणं सोडलं आणि बरणीत सैरावैरा पळू लागली. घरच्यांना वाटलं मरते. ती कोषात जायच्या बेतात होती आणि तिला लपायला पालापाचोळा हवा होता. तळाशी माती आणि वाळलेली पानं घातली, ती त्यात शिरली.

पतंग रात्री बाहेर आला. कोषातून निघालेल्या पतंगाला खडबडीत उभ्या आधारावर चढून लटकावं लागतं; तेव्हा अंगातला द्रव पंखांत भरतो आणि ते उलगडतात. गुळगुळीत काचेवर त्याला चढता आलं नाही. सकाळपर्यंत पंख चुरगळलेलेच वाळले होते. एक तिरपी, खरखरीत काडी बरणीत असती तरी चाललं असतं.

काय निष्पन्न झालं

मोठं लिंबू महालक्ष्म्यांपर्यंत पुन्हा हिरवं झालं. नियमातली निम्म्या शेंड्यांची मर्यादा एकदाही ओलांडली गेली नाही. कढीपत्त्याच्या खाल्लेल्या फांद्या सूनबाईंनी छाटल्या, तिथं जास्त दाट फूट आली. शेवग्यावर त्या हंगामात थवा पुन्हा दिसला नाही.

कुंडीतल्या रोपाचं नुकसान झालं. खालच्या पानामागं राहिलेली एक अळी दोन दिवसांत शेंडा खाऊन गेली. अळी आयुष्यात जेवढं खाते त्यातलं बहुतेक शेवटच्या टप्प्यात खाते, त्यामुळे मोठी अळी दोन दिवस नजरेआड राहिली तरी रोपाला पुरेशी असते. रोप जगलं, पण वर्षभर मागं पडलं. हलवलेल्या अळ्यांपैकी बऱ्याच मोठ्या लिंबावर रुळल्या. एकदोन पानावरून उतरून गेल्या.

लिंबावरचा पहिला कोष कंपाउंडच्या भिंतीलगतच्या फांदीवर झाला, कमरेभोवती रेशमाचा धागा बांधून. फुलपाखरू निघायच्या आधी कोषातून पंखांचे रंग दिसू लागतात. हा मात्र नुसता काळपट होत गेला. मग त्याला टाचणीएवढं भोक पडलं आणि बारीक बारीक माश्या बाहेर आल्या. परजीवी गांधीलमाश्यांची एक जात कोष ओला, मऊ असतानाच त्यात अंडी घालते. कधी कधी अळी कोष कधी करते याची वाट पाहत तिच्यावरच बसून राहते. नात रडली. माश्या मारायच्या का, यावर घरात चर्चा झाली. अण्णांनी निकाल दिला: “आपण विद्यापीठातून ट्रायकोकार्ड इकत आणतो, अन् ह्या फुकट आल्यात.” ट्रायकोकार्ड म्हणजे शेतात सोडायच्या परजीवी माश्यांचं कार्ड. त्यावरच्या माश्या किडींच्या अंड्यांवर जगतात आणि या कोषावर, जाती निराळ्या. तरी त्यांना सुचलेला संबंध चुकीचा नव्हता. माश्या सोडल्या.

पुढच्या दोन कोषांतून फुलपाखरं निघाली. शाळेच्या प्रकल्पात अंडं, अळी, कोष, फुलपाखरू असे चार चौकोन हवे होते. नातीनं पाचवा काढला, ‘मध्येच गेलेल्या’, आणि तो बाकीच्या चारांहून मोठा होता. तो ठेवावा की नाही यावर वर्गात वाद झाला म्हणतात. तक्ता शेवटी भिंतीवर लागला.

बाटलीतलं औषध नालीत ओतलं नाही. अण्णांनी ते गावी परत नेलं. शेतातल्या खोलीत त्याचा मूळ डबा होता, त्यात ओतून कुलूप लावलं. बाटली चेचून निकामी केली.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्या फोनवर औषधाचं नाव विचारलं गेलं आणि पहिला तास अळ्या ओळखण्यात गेला. पोराला खरंच काय झालंय आणि बाटलीत काय आहे, हे दोन प्रश्न सगळ्यांच्या आधी यायला हवे होते. अशा घरात फोन आला तर मी आता हाच क्रम सांगतो. अळी तासभर थांबू शकते.

शेवग्याची पाहणी पावसाच्या सुरुवातीलाच, दर आठवड्याला एकदा खोडाभोवती फिरून, करता आली असती. सुरवंट लहान असताना थवा छोटा असतो आणि काठी-फडक्याचं काम पाच मिनिटांत होतं. मुलांना ‘झाडाला हात लावू नका’ म्हणण्यापेक्षा कोणत्या झाडाला का लावायचा नाही, हे थवा दाखवून सांगणं सोपं गेलं असतं.

निंबोळी अर्कावर घरात एकमत होत आलं होतं. लिंबावर तो मारला असता तर फार नुकसान झालं नसतं, पण सहाच्या दोन कशा झाल्या, हे कुणाला कधीच कळलं नसतं. पुढच्या वर्षी पुन्हा अर्क, त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा. माझा कल त्यामुळे पहिला हंगाम मोजण्यातच घालवण्याकडं राहिला. ज्याचं पोट झाडावर आहे त्याला हा सल्ला देता येत नाही. परसबागेला देता येतो.

कुंडीतल्या रोपाबाबत अजून दोन मतं आहेत. नात म्हणते, अळ्या हलवल्यामुळेच त्यातल्या काही मेल्या, जिथं अंडं घातलं तिथंच राहू द्यायला हव्या होत्या. मी अण्णांच्या बाजूचा आहे: एवढ्या रोपावर अळी ठेवली तर पाला संपल्यावर रोप आणि अळी दोन्ही जातात. तडजोड म्हणून पुढच्या मृगाआधी रोपावर मच्छरदाणीचं कापड घालायचं ठरलं. घातलंही. जिथं पानं कापडाला आतून टेकली होती, नेमकी तिथं फुलपाखरानं बाहेरून अंडी घातली. आता बांबूच्या चार कामट्या रोवून कापड पानांपासून वीतभर लांब ताणायचं आहे. कामट्या अण्णा गावाहून आणणार आहेत.